‘मला माहीत नव्हतं’ : इंदूरच्या एका पुस्तकाच्या दुकानाचं प्रकरण

फोन आला तेव्हा रात्रीचे आठ वाजत आले होते. २०२५ चे गणपती बसून तीन दिवस झाले होते, आमच्या कॉलनीत आरती चालू होती आणि झांजांच्या आवाजात नानांचं बोलणं अर्धंच कळत होतं. "बेटा, दुकानात पोलीस आलेत. पुस्तकं उचलताहेत. लगेच येतेस?"

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे शाळासोबती. वय ७१. खजुरी बाजारच्या एका गल्लीत त्यांचं नऊ फूट रुंदीचं पुस्तकाचं दुकान आहे. जून-जुलैत शाळेची पुस्तकं आणि गाइडं, दसऱ्यानंतर दिवाळी अंक, एरवी पंचांगं, पोथ्या, हिंदी-मराठी कादंबऱ्या आणि जुनी पुस्तकं. इंदूरच्या मराठी घरांतली कितीतरी कपाटं या दुकानातून भरली. त्या घरांतली वडीलधारी माणसं गेल्यावर तीच पुस्तकं किलोच्या भावाने पुन्हा याच दुकानात आली.

मी इथे जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात वकिली करते. हे प्रकरण नानांच्या परवानगीने लिहिते आहे. तक्रारदार, ठाणं, वितरक, प्रकाशक यांपैकी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. लिहिण्याचं कारण असं की त्यानंतर बाजारातल्या चार-पाच दुकानदारांनी मला एकच प्रश्न विचारला : आम्ही काय प्रत्येक पुस्तक वाचून मग विकायचं? नाना त्या रात्री एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘मला माहीत नव्हतं’. त्याच वाक्याला कायद्यात एका ठिकाणी पूर्ण किंमत आहे आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ काहीच नाही. आमच्या प्रकरणात ही दोन्ही ठिकाणं एकाच जप्ती पत्रकावर आली होती.

काय घडलं

पुस्तिका हिंदी, ४८ पानांची, किंमत ४० रुपये. मुखपृष्ठावर काही वावगं नाही. आत एका समाजाला पूज्य असलेल्या संतपुरुषाबद्दल दोन पानं फार हीन भाषेत लिहिलेली. मी ती पानं वाचली आहेत आणि ज्यांना राग आला त्यांचा राग खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक गृहस्थ दुकानात आले आणि नानांच्या मुलाला म्हणाले, "भिया, ये किताब हटा लो, ठीक नहीं है." मुलाने पुस्तिका पुढच्या रॅकवरून काढून मागच्या फळीवर ठेवल्या आणि कामाला लागला. नानांना सांगितलं नाही. संध्याकाळी सातला एक तरुण आला, त्याने पुस्तिकेचं नाव घेऊन ती मागितली. मुलाने मागच्या फळीवरून काढून दिली, ४० रुपये घेतले, बिल फाडलं. अर्ध्या तासात दुकानासमोर तीस-चाळीस जण उभे होते.

नाना तेव्हा घरी होते. ते पोचेपर्यंत जमावातल्या एकाने माफीनामा लिहून मुलापुढे धरला होता आणि मुलाने पेन उघडलं होतं. तो कागद मी नंतर पाहिला. दोनच ओळी : "हमने जानबूझकर यह पुस्तक बेची जिससे समाज की भावनाएँ आहत हुईं. हम क्षमा माँगते हैं." नाना शाळेपुरतेच शिकलेले, पण कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. त्यांनी मुलाच्या हातातून पेन काढून घेतलं आणि हात जोडून सगळ्यांना सांगितलं, पुस्तक आम्ही विकणार नाही, तुमचं मन दुखावलं त्याची माफी मागतो, पण हा कागद माझ्या मुलीसारखी एक वकील आहे तिला दाखवल्याशिवाय सही होणार नाही.

त्या माफीनाम्यातल्या ‘जानबूझकर’ या एका शब्दाखाली सही गेली असती तर पुढचं सगळं प्रकरण वेगळं झालं असतं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. चार लोकांच्या हाती लिहून दिलेली कबुली मात्र न्यायालयात वाचता येते. माफी मागायला काहीच हरकत नाही, माणसाने ती मागावीच. पण आपल्या शब्दांत.

पोलीस आले ते जमावाला शांत करायला. अनंत चतुर्दशीच्या झांक्या आठवड्यावर आलेल्या, शहरात रात्रभर मिरवणुका चालणार, ठाण्याला भलतं काही नको होतं. टी.आय. साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांनी, पहिला प्रश्न विचारला, "किताब बैन है क्या?" पुस्तिका ‘बॅन’ नव्हती. मग दुकानाची झडती सुरू झाली. पुस्तिकेच्या नऊ प्रती तर सापडल्याच, पण एक शिपाई शिडी लावून माळ्यावर चढला आणि तिथून जुन्या मासिकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा खाली आला. त्यात चार अंक परदेशी छायाचित्रकलेच्या मासिकाचे होते, सत्तरच्या दशकातले, आत काही पानांवर नग्न चित्रं. कुणी त्यांची तक्रार केलेली नव्हती, कुणी ते मागितलेही नव्हते. मी पोचले तेव्हा ते चार अंक टेबलावर उघडे पडले होते आणि जमावातली मुलं मोबाइलवर त्यांचे फोटो काढत होती.

जप्ती पत्रकाचे दीड तास

पंचनाम्यावर हवालदारांनी लिहिलं होतं : "आपत्तिजनक साहित्य, २२ नग". बावीस नग म्हणजे नऊ पुस्तिका, चार मासिकं आणि मुखपृष्ठ पाहून उचललेली आणखी नऊ पुस्तकं. त्या नवांमध्ये विवाहितांसाठी डॉक्टरने लिहिलेलं एक मार्गदर्शक होतं आणि एक मराठी कादंबरी होती, तिच्या मुखपृष्ठावर पाठमोऱ्या बाईचं चित्र, एवढंच तिचं पाप.

मी हात जोडून म्हटलं, साहेब, बावीसही नगांची नावं लिहू या. प्रत्येकाचं शीर्षक, पानं, आणि ते दुकानात नेमकं कुठे सापडलं. हवालदार वैतागले, पण टी.आय. साहेबांनी ऐकलं. याला दीड तास गेला. पुस्तिकांसमोर लिहिलं गेलं, ‘मागची फळी, वरून दुसरी’. मासिकांसमोर लिहिलं गेलं, ‘माळा, सुतळीने बांधलेला गठ्ठा’. आता जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे आणि तिच्या कलम १०५ ने झडती-जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलं आहे. एक शिपाई मोबाइलवर ते करत होता. त्याच्या चित्रीकरणात एक गोष्ट आली, तिचं महत्त्व त्या क्षणी मलाही पुरतं कळलं नव्हतं. गठ्ठ्याची गाठ सुटेना म्हणून दुसऱ्या शिपायाने नानांच्याच गल्ल्यावरचं ब्लेड घेऊन सुतळी कापली. वरच्या अंकावर धुळीचा थर होता, त्यावर सुतळीची फुली उमटलेली दिसत होती.

मध्येच मुलगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, गोदामात अजून दोन बंडलं आहेत जुन्या अंकांची, रातोरात जाळून टाकू का?" त्याला ओढून बाजूला घेतलं. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो झाला की आधीच्या निर्दोषपणावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तीन कलमं

त्या रात्रीच गुन्हा नोंदवला गेला. भारतीय न्याय संहितेची तीन कलमं लागली. १९६, म्हणजे समाजा-समाजांत वैर पसरवणं, जुनं १५३-अ. २९९, म्हणजे धार्मिक भावनांचा अपमान, जुनं २९५-अ. आणि मासिकांसाठी २९४, अश्लील साहित्य, जुनं २९२. नाना आणि मुलगा दोघेही आरोपी.

नोंदवण्याआधी पोलिसांना प्राथमिक चौकशी करता आली असती. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत ती करायची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे, आणि मार्च २०२५ मध्ये गुजरातमधल्या एका कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शब्दांवरून होणाऱ्या गुन्ह्यांत ही चौकशी करणं योग्य ठरेल असं सांगितलं होतं. मी तो निकाल दाखवेपर्यंत नोंद होऊन गेली होती.

घरातल्या सगळ्यांना भीती १९६ आणि २९९ ची, कारण ती अजामीनपात्र. २९४ जामीनपात्र, शिक्षा पहिल्या वेळी जास्तीत जास्त दोन वर्षं आणि पाच हजारांपर्यंत दंड, म्हणून तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मला मात्र पहिल्या रात्रीपासून २९४ ची काळजी होती.

पुस्तिकेचं आधी सांगते. २९९ मध्ये ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ हे शब्दच कलमात आहेत. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हे कलम वैध ठरवलं ते याच पायावर. कुणाचं मन दुखावलं एवढ्याने हा गुन्हा होत नाही, अपमान करण्याचा मुद्दाम केलेला दुष्ट प्रयत्न लागतो. १९६ मध्ये हे शब्द नाहीत, पण जुन्या १५३-अ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये तेच सांगितलं. शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावरून पुण्यात गुन्हा नोंदवला होता, तो निकाल मराठी वाचकाला ठाऊक असतो. पण त्या गुन्ह्यात आरोपी कोण होते हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. लेखकाबरोबर प्रकाशन संस्थेचे व्यवस्थापक आणि दिल्लीचा मुद्रकही त्यात होता. हेतू दिसत नाही म्हणून न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. आमच्या इंदूरमध्येच डिसेंबर २०२२ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवलेल्या एका पुस्तकावरून प्राचार्यांवर याच जातीची कलमं लागली होती, आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. फळीवर पुस्तक असणं आणि त्या पुस्तकातला द्वेष आपला असणं यांत अंतर आहे, आणि ते भरून काढण्याची जबाबदारी सरकारपक्षाची आहे. शिवाय या दोन्ही कलमांत सरकारची पूर्वमंजुरी आल्याशिवाय न्यायालय दखलच घेऊ शकत नाही.

म्हणजे पुस्तिकेबाबत ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव होता. फक्त तो पूर्ण खरा नव्हता. सकाळचे ते गृहस्थ सांगून गेले होते, आणि त्यानंतर पुस्तिका मागच्या फळीवर गेली होती. सरकारी वकील सहज म्हणाले असते, माहीत नव्हतं तर लपवली का?

यावर मी दोन रात्री विचार केला. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही, राज्यघटनेच्या कलम २०(३) ने तो हक्क दिला आहे, आणि पोलिसांच्या नोटिशीच्या उत्तरात तेवढा भाग गाळायचा सल्ला एका ज्येष्ठ वकिलांनी मला दिलाही होता. पण समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं होतं. आणि मुलाने जे केलं त्यात दुष्टपणा नव्हता. अर्धवट शहाणपण होतं. म्हणून मुलाच्या उत्तरात सरळ लिहिलं : सकाळी एका गृहस्थांनी आक्षेप घेतला, मी पुस्तिका पुढून काढून मागे ठेवल्या, वाचल्या नव्हत्या, वडिलांना सांगायचं राहिलं, संध्याकाळी गिऱ्हाइकाने नाव घेऊन मागितली म्हणून दिली. हे लिहिलं ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं. तपास अधिकाऱ्यांनी कॅमेऱ्याचं चित्रीकरण आणून ताडून पाहिलं तेव्हा प्रत्येक मिनिट जुळलं. त्यानंतर त्यांचा आमच्याशी बोलण्याचा सूरच बदलला.

त्याच डिसेंबरात

आता मासिकांकडे येते. हे मला जास्त टोचणारं आहे.

१९५९ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका बुक स्टॉलवर पोलिसांनी पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक गेलं आणि डी. एच. लॉरेन्सच्या एका कादंबरीची काटछाट न केलेली प्रत विकत घेतली. भागीदारांवर खटला झाला, दंड वीस रुपये. त्यांतले एक, रणजित उदेशी, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६४ मध्ये पाच न्यायमूर्तींचा निकाल आला, लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला, म्हणजे आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती. उदेशींचं म्हणणं साधं होतं : दुकानात शेकडो पुस्तकं येतात, मी काय सगळी वाचतो? न्यायालय म्हणालं, पुस्तक अश्लील आहे हे विक्रेत्याला ठाऊक होतं हे सरकारपक्षाने सिद्ध करायची गरज नाही. ठाऊक नव्हतं ही गोष्ट शिक्षा कमी करताना विचारात घेता येईल, पण ती गुन्ह्यातून बाहेर काढणार नाही. आणि पुस्तक मालकाच्या वतीने विकलं गेलं असेल, तर आपल्या नकळत किंवा संमतीशिवाय ते विकलं गेलं हे मालकाला दाखवावं लागेल.

ज्या डिसेंबरात मुंबईला ती प्रत विकली गेली, त्याच डिसेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा नेमकी याच मुद्द्यावर रद्द केली होती. आत काय आहे हे ठाऊक नसतानाही विक्रेत्याला दोषी धरलं, तर तो स्वतः तपासलेलीच पुस्तकं दुकानात ठेवेल, आणि मग लोकांना मिळायला हवीत अशी पुस्तकंही त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्या इंग्लंडकडून आपण १८६८ ची अश्लीलतेची कसोटी, म्हणजे कच्च्या मनाचा माणूस हे वाचून बिघडेल का एवढंच पाहणारी, उचलली, त्या इंग्लंडने १९५९ च्याच कायद्यात विक्रेत्याला बचाव दिला : पुस्तक तपासलेलं नव्हतं आणि संशय यायला काही कारणही नव्हतं, हे त्याने दाखवलं तर सुटका. आपल्याकडे २०२३ मध्ये फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले, दंड दोन हजारांवरून पाच हजारांवर गेला, पण खजुरी बाजारातल्या माणसासाठी हे एक वाक्य घालायचं राहून गेलं. ते घातलं जायला हवं होतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

म्हणजे मासिकांच्या बाबतीत नानांचं ‘मला माहीत नव्हतं’ शंभर टक्के खरं होतं आणि तरीही त्याने ते सुटत नव्हते. दुसऱ्या वाटेने जाणं भाग होतं.

एक वाट मजकुराची. १९६४ नंतर कायदा थोडा पुढे सरकला आहे. १९६९ मध्ये कलमात अपवाद आला, विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठी असलेलं प्रकाशन त्यातून वगळलं गेलं. त्याच वर्षी ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या कथेसाठी मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेले चंद्रकांत काकोडकर सर्वोच्च न्यायालयातून सुटले. नानांकडे काकोडकरांच्या कादंबऱ्या आजही जुन्या पुस्तकांत येतात. हा निकाल मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "ते सुटले, पण सात वर्षं गेली ना गं." आणि २०१४ च्या अवीक सरकार निकालाने १८६८ ची कसोटी सोडून दिली. नग्न चित्र आहे एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, आजच्या समाजाच्या मापाने आणि सगळा संदर्भ पाहून ठरवायचं.

दुसरी वाट ताब्याची. २९४ मध्ये नुसतं जवळ असणं हा गुन्हा नाही, ‘विक्रीसाठी’ जवळ असणं हा गुन्हा आहे. इथे नानांची वही कामाला आली. रजिस्टरच्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं : ‘रद्दी, जुने अंक, ४३ किलो, दर १४, निवडायचे बाकी’. एका जुन्या वाड्याची आवराआवर झाली तेव्हा आलेला माल. त्यातलं विकण्याजोगं वेगळं काढायचं आणि उरलेलं लगद्यासाठी द्यायचं, असा या धंद्याचा नेम. ‘निवडायचे बाकी’ हे दोन शब्द आणि चित्रीकरणात ब्लेडने कापली गेलेली ती सुतळी. गठ्ठा कुणी उघडलाच नव्हता, मग त्यातला कोणता अंक विक्रीसाठी ठेवला असं म्हणणार?

हेच अंक अठरा वर्षांखालच्या मुलाला विकले गेले असते, तर कलम २९५ लागलं असतं आणि त्याची शिक्षा जास्त आहे. शाळेच्या हंगामात ज्या दुकानात दप्तर घेतलेली मुलं उभी असतात तिथे हे ध्यानात ठेवावं लागतं.

‘बॅन’चा प्रश्न

टी.आय. साहेबांचा प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून त्याचं उत्तर इथे देते. आपल्याकडे ‘बॅन’ दोन तऱ्हेचे आहेत. एक, राज्य सरकारने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली, म्हणजे जुन्या ९५ खाली, कारणं देऊन राजपत्रात अधिसूचना काढायची. मग भारतात कुठेही पोलीस त्या प्रती उचलू शकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे आमच्या प्रकरणाच्या थोडंच आधी, जम्मू-काश्मीरमध्ये एकदम २५ पुस्तकांवर असा आदेश निघाला होता. याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं, आणि ज्याचा त्या पुस्तकात हितसंबंध आहे अशा कुणालाही जाता येतं. दोन, सीमाशुल्क कायद्याखाली आयातबंदी. ती पुस्तक बाहेरून आणण्यावर असते. रश्दींच्या कादंबरीवरची १९८८ ची बंदी या जातीची, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर ती अधिसूचनाच कुणाला सापडली नाही, तेव्हा ती अस्तित्वात नाही असं मानून न्यायालयाने प्रकरण निकाली काढलं. आमच्या पुस्तिकेवर या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. पुस्तकावर बंदी नाही म्हणून विकणारा सुरक्षित, असं मात्र होत नाही.

कागद

तपास पुढे गेला तो चलनामुळे, म्हणजे मालाबरोबर येणाऱ्या कागदामुळे. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, म्हणून बाजारात बिलाशिवाय माल घेण्याची सवय पडली आहे. सेल्समन पिशवीतून पाच-दहा प्रती काढून देतो, विकल्या तर पुढच्या खेपेला पैसे. नाना परतीच्या बोलीवरही चलन घेतात. त्यावर पुस्तिकेचं नाव, दहा प्रती, तारीख, वितरकाचा शिक्का होता. पोलीस वितरकाकडे गेले. त्याच्याकडे मात्र कागद नव्हता, दुसऱ्या कुणाकडून रोखीने घेतल्या म्हणाला, आणि माग तिथे तुटला.

पुस्तिका हातात घेऊन मी एकदा नानांना शीर्षक-पानाची मागची बाजू दाखवली. तिथे मुद्रकाचं नाव नाही, पत्ता नाही, फक्त एक मोबाइल नंबर, तोही बंद. १८६७ च्या जुन्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण सक्तीचं केलं होतं. त्याची जागा घेणारा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला, तो नियतकालिकांपुरताच आहे, पुस्तकं त्याच्या बाहेर राहिली. नाना बराच वेळ त्या कोऱ्या पानाकडे पाहत होते. "पन्नास वर्षं पुस्तकं विकतोय," ते म्हणाले, "हे पान उलटून पाहायला किती वेळ लागतो?"

दुकानदारांच्या प्रश्नाला माझं उत्तर इथेच आहे. प्रत्येक पुस्तक वाचा असं मी कुणालाच सांगणार नाही, ते शक्य नाही आणि कायद्याने ते मागूही नये. पण पुस्तक कुणाकडून आलं हे सांगता आलं पाहिजे, छापणाऱ्याचं नाव नसलेलं पुस्तक घेऊ नये, आणि कुणी आक्षेप घेतला तर ते मालकापर्यंत त्याच दिवशी पोचलं पाहिजे. मग विकायचं की नाही हे मालकाने वाचून ठरवावं. वाचून, चांगलं आहे असं वाटून ठामपणे विकायला ठेवणं हाही त्याचा हक्क आहे.

पुढे

अटकपूर्व जामीन सेशन्स कोर्टाने दिला. नोटिशीला दोघेही वेळेवर हजर राहत होते याची नोंद आदेशात आहे. ती मुखपृष्ठं पाहून उचललेली नऊ पुस्तकं सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितली की हजर करण्याच्या हमीवर, परत मिळाली. मराठी कादंबरीच्या मुखपृष्ठावर लाखेचा लाल डाग पडला होता, नानांनी तो नखाने खरवडायचा प्रयत्न केला आणि चित्राचाच रंग निघाला.

दिवाळीनंतर पोलिसांनी पुस्तिकेच्या बाबतीत नाना आणि मुलाविरुद्धच्या प्रकरणात खात्मा अहवाल, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, दिला. हेतूचा पुरावा नाही, प्रकाशक मिळाला नाही. मासिकांच्या बाबतीत मात्र नानांवर चालान, म्हणजे आरोपपत्र, पेश झालं. मला ज्याची भीती होती तेच उरलं.

दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा म्हणजे समन्स खटला. जुन्या संहितेत अशा खटल्यात आरोपीला दोषमुक्त करण्याची सोय नव्हती, साक्षीपुराव्यापर्यंत थांबावंच लागायचं. नव्या संहितेच्या कलम २७४ मध्ये ती आली आहे. आरोप निराधार वाटला तर दंडाधिकारी कारणं लिहून आरोपीला मोकळं करू शकतात. संक्रांतीनंतरच्या तारखेला आम्ही त्यावर बोललो. न्यायालयाने चारही अंक मागवून घेतले, पानं उलटली, पुन्हा पहिल्या अंकावर आले. मग चित्रीकरण लावायला सांगितलं. सुतळी कापली जाते तिथे ते थांबवून परत एकदा पाहिलं. रजिस्टरचं पान नानांनी स्वतः पुढे नेऊन दाखवलं, हात थरथरत होता. आदेश आठ दिवसांनी आला. विक्रीसाठी ताबा दिसत नाही, आणि अंक पूर्ण पाहता ते छायाचित्रकलेविषयी आहेत, म्हणून नानांना मोकळं करण्यात आलं.

खात्मा अजून न्यायालयाने स्वीकारलेला नाही. तक्रारदाराला नोटीस गेली आहे, त्याचं म्हणणं ऐकून मगच आदेश होईल, आणि ते ऐकलं जावं हे योग्यच आहे. तोपर्यंत पुस्तिकेच्या नऊ प्रती ठाण्याच्या मालखान्यात आहेत. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. त्या दिवशी सकाळचे ते गृहस्थही येणार आहेत. नानांना त्यांना भेटायचं आहे, म्हणतात, "त्यांनी नीट सांगितलं होतं, आमच्याकडूनच ऐकायचं राहिलं."